हात लावू नये

चपलांच्या कपाटाला पाठ लावून बहिणीसमोर प्रार्थनेचं पान वाचायचं, हे ताईंना पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. पण घरातलं वायफाय त्यांच्या वाट्याला उरलं होतं ते तेवढ्याच दीड हाताच्या जागेत. एक पाऊल मागे सरकलं की चित्र थिजायचं, एक पाऊल पुढे टाकलं की आवाज सूनबाईंच्या मीटिंगमध्ये शिरायचा. मग त्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात वही धरून तिथेच ताटकळत उभ्या राहत, आणि येणारेजाणारे त्यांच्या पायाशी वाकून आपापल्या चपला काढत.

तीन महिन्यांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा राऊटर बैठकीच्या खोलीत, घराच्या बरोबर मध्यावर होता आणि ताईंच्या मागच्या खोलीत सुद्धा चित्र स्वच्छ दिसायचं. मग चिरंजीवांचं काम घरून सुरू झालं. पुढच्या कोपऱ्यातल्या खोलीचं ऑफिस झालं आणि एका शनिवारी, ताई आंघोळीला गेल्या असताना, राऊटरही त्या खोलीत गेला. त्यांना कुणी विचारलं नाही. राऊटर हलवला याचं एवढं काही नव्हतं. विचारायला हवं होतं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, याचा त्यांना राग होता. मागच्या खोलीच्या वाटेत दोन जाड भिंती, मध्ये फ्रिज, आणि खिडकीबाहेर पाण्याची भलीमोठी टाकी. फोनची स्वतःची रेंज तर त्या खोलीत कधीच आली नव्हती, आणि ताईंच्या फोनमध्ये नेटचं पॅक भरलेलं नसे.

ताईंना राग आला तरी त्यांचा आवाज चढत नसे. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये, फोन जोडून द्यायच्या बोर्डावर तेहेतीस वर्षं काढलेली बाई. समोरचा कितीही तडकला तरी आपण हळू बोलायचं, हे हाडात मुरलेलं. त्यामुळे घरच्यांचा समज असा झाला होता की ताईंना राग येतच नाही.

त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात, वृद्धांच्या निवासात राहत होती. नऊ वर्षांपूर्वी एका तापात तिचं ऐकणं गेलं. काही वर्षं कानाला लावायच्या मशीनवर भागलं, मग त्याचाही उपयोग होईना. आता ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची, आणि इतकं अचूक की निवासातल्या बायका तिच्यापुढे कुजबुजायलाही बिचकत. ज्या आठवड्यात तिचे कान गेले त्याच आठवड्यात ताईंनी नेम धरला होता. आईने स्वतःच्या हाताने उतरवलेल्या प्रार्थनांच्या वहीतलं एक पान रोज धाकटीला वाचून दाखवायचं, आणि ते वाचल्याशिवाय रात्री अन्नाला शिवायचं नाही. हे धाकटीला ठाऊक होतं. घरात कुणाला सांगायची ताईंना कधी गरज वाटली नव्हती, कारण नऊ वर्षांत तो नेम कधी मोडला नव्हता.

निवासात सगळ्यांत मिळून एकच टॅबलेट. कुणाची वेळ कधी, ते फळ्यावर लिहिलेलं. धाकटीची सव्वापाच ते पाच पस्तीस. लागोपाठ तीन दिवस वेळ वाया गेली की ती पुढच्या माणसाला द्यायची, असा तिथला नियम. वाट पाहणाऱ्यांची यादी एवढी लांब होती की गेलेली वेळ परत मिळायला वर्ष लागलं असतं. नियम ताईंना योग्यच वाटायचा. बोर्डावर असत्या तर त्यांनीही तसाच केला असता.

सोमवारी सूनबाईंनी कोपऱ्यातल्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली, कारण त्यांच्याही मीटिंगा आता त्याच खोलीतून चालायच्या. दार लागलं आणि चपलांपाशी जी काही थोडीफार रेंज येत होती तीही गेली. ताईंनी सव्वापाचपासून बारा वेळा फोन लावला. लागला नाही. पहिला दिवस बुडाला. रात्री त्या पोट बरं नाही म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. सूनबाईंनी औषध देऊ का विचारलं, नको म्हटल्यावर दिवा मालवला.

तीन महिने चिरंजीव "रविवारी बघतो" म्हणत होते. असे बारा रविवार ताईंनी मोजले होते. पण मंगळवारी सकाळी, खरं सांगायला हवं, त्यांनी कंपनीचा माणूस बोलावला. तो माणूस घरभर फोन नाचवत फिरला, मागच्या खोलीच्या भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि चिरंजीवांना म्हणाला की दोन नवे डबे बसवावे लागतील, रविवारी आणतो. जे काय बोलला ते ताईंच्या डोक्यावरून, चिरंजीवांशी. ताई तिथेच, त्याच्या कोपराएवढ्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं की कंपनीने नवा राऊटर दिला तेव्हाचा जुना खणात पडून आहे, तो चालेल का.

तो हसला. "आजी, ते आता भंगारात द्या."

चिरंजीवही हसले. मोठ्याने नव्हे, नुसते ओठांत. पण ताईंनी पाहिलं. ओठांवर काय चाललंय ते पाहायची सवय त्यांनाही आता लागली होती.

भंगार हा शब्द त्यांना चांगलाच परिचयाचा होता. एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली तेव्हा जुन्या बोर्डाला तोच शब्द लावला गेला होता, आणि बोर्डापुढच्या बायकांना शब्द लावला नाही एवढंच. नवी यंत्रं दुसऱ्याच आठवड्यात बंद पडली तेव्हा भंगारात काढलेल्या त्याच बोर्डावर ताईंनी दोन दिवस अख्ख्या शहराच्या लायनी चालवल्या होत्या. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते आठवून त्यांची कानशिलं तापली, पण हात मात्र शांतपणे खणाकडे गेला.

चिरंजीव दुपारी बाहेर कामाला गेले आणि सूनबाई मंगळवारी ऑफिसात असायच्या. ताईंनी चपलांपाशी उभं राहून फोनवर माहिती शोधली. जुना राऊटर कसा जोडावा, हे एका भल्या माणसाने पायरीपायरीने लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं, नंबर घालून, कारण न लिहिता काम करायची त्यांना सवयच नव्हती. मग सुईच्या टोकाने मागचं बारीक बटण दहा अंक मोजेपर्यंत दाबलं. जुना डबा सगळं विसरून नव्यासारखा झाला. फोन त्याला जोडून त्यांनी त्याचं सेटिंगचं पान उघडलं. त्याचं नाव आणि पासवर्ड घरातल्या राऊटरचाच ठेवला, चॅनल मात्र वेगळा दिला. दोन्ही डब्यांचा नेटवर्कवरचा पत्ता एकच होता, तो या जुन्याचा बदलला. एका घरात दोन दारांना एकच नंबर कसा चालेल, एवढं तर त्यांना सांगावं लागत नव्हतं.

राहिली वायर. ती त्यांना विकत आणावी लागली नाही. चिरंजीव शिकत होते तेव्हा मागची खोली त्यांची अभ्यासाची होती, आणि त्या वेळी कोपऱ्यातल्या खोलीपासून तिथपर्यंत भिंतीच्या कडेकडेने एक लांब वायर ओढलेली होती. शिडी धरायला ताईच होत्या. वायरीवर रंगाचे दोन हात चढले होते, घरात ती कुणाच्या स्मरणात नव्हती. एक टोक कोपऱ्यातल्या कपाटामागे, दुसरं ताईंच्या पलंगामागे. त्यांनी दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून वर लिहिलं: "पुढची खोली", "मागची खोली". बिनाचिठ्ठीची वायर म्हणजे बिननावाचं पत्र, असं त्या एक्स्चेंजमधल्या नव्या मुलींना शिकवायच्या. मग दोन्ही टोकं दोन्ही राऊटरच्या एकाच रंगाच्या चार भोकांपैकी एकेकात बसवली. जुन्याचं वेगळ्या रंगाचं पाचवं भोक रिकामं ठेवलं, वहीत तसंच लिहिलं होतं.

तीन वाजता ताईंच्या खोलीत फोनवर सगळ्या रेघा भरल्या. त्यांनी बातम्या लावून पाहिल्या, झरझर चालल्या. त्या पलंगावर बसल्या आणि किती तरी दिवसांनी त्यांना हसू आलं.

ते दीड तास टिकलं. साडेचारला चिरंजीव येऊन कामाला बसले आणि त्यांचा लॅपटॉप जोडला जाऊनही काही उघडेना. मग त्यांचा फोन. मग घरी परतलेल्या सूनबाईंचा लॅपटॉप. शेवटी ताईंचाही. रेघा सगळ्या भरलेल्या आणि आत काहीच नाही, असं भुताटकीसारखं झालं. चिरंजीवांनी कपाटामागे डोकावून ती पांढरी चिठ्ठी पाहिली, आणि वायर ओढून काढली ती चिठ्ठीसकट. पुढचा पाऊण तास ते राऊटर बंद-चालू करत आणि कुणाची तरी फोनवर माफी मागत बसले. सव्वापाच केव्हा आले आणि गेले ते त्या घरात एकट्या ताईंनाच कळलं. दुसरा दिवस.

मग चिरंजीव मागच्या खोलीत आले. ओरडले नाहीत. लहान मुलाला विस्तवापासून दूर करतात त्या समजूतदार आवाजात म्हणाले की आई, ज्यातलं आपल्याला कळत नाही त्याला हात लावू नये. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं ताईंना वाटलं. ओरडण्यात निदान बरोबरी असते.

रात्री पाणी प्यायला उठल्या तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीत पाहिलं. राऊटरवर कागद डकवलेला होता. मोठ्या अक्षरात, ठळक: हात लावू नये. घरात माणसं तीन. त्यांपैकी दोघांना हात लावायची मुभा होतीच. तेव्हा कागद कुणासाठी होता हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. ताई बराच वेळ तो कागद वाचत उभ्या राहिल्या, जणू तीनच शब्द नसून तीन पानं असावीत. त्या रात्रीही त्यांच्या पोटात अन्न नव्हतं, आणि हे कुणाला कळलं नाही याची भर त्या कागदात पडत होती.

बुधवारी पहाटे त्या नेहमीप्रमाणे प्रार्थनेला बसल्या. ओठ म्हणत होते आणि मन मात्र त्या कागदाशी भांडत होतं. देवासमोर बसून राग धरू नये हे त्यांना कळत होतं. त्यांनी मनातल्या मनात देवाला सांगितलं की राग तुझ्यावर नाही, तेव्हा तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण आज तो माझ्याने खाली ठेवला जायचा नाही.

आणि रागासोबत एक जुनी गोष्ट वर आली. एक्स्चेंजच्या तळमजल्यावर तक्रारींची खिडकी होती. एकदा गर्दी फार झाली म्हणून शेजारची दुसरी खिडकी उघडली. तिथल्या बाईनेही पहिल्या नंबरापासून टोकन द्यायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सात नंबरचे दोन लोक एकमेकांची कॉलर धरून उभे. शिवाय दुसऱ्या खिडकीतल्या बाईकडे तक्रारींची वहीच नव्हती. तिचं टोकन घेतलेला माणूस तासभर बसायचा आणि त्याचं काम कधी व्हायचंच नाही. तेव्हा वरिष्ठ बाई खाली येऊन म्हणाल्या होत्या की खिडक्या दहा उघडा, पण नंबर एकाच खिडकीतून सुटले पाहिजेत.

ताईंनी प्रार्थना पुरी केली, अर्धी टाकली नाही, आणि मग वही उघडली. सातवी पायरी: जुन्या राऊटरचं डीएचसीपी बंद करा. शेजारी त्यांच्याच हातचं प्रश्नचिन्ह. डीएचसीपी म्हणजे काय हे काल त्यांना ठाऊक नव्हतं, आणि चालू असलेली कुठलीही गोष्ट वरिष्ठांच्या लेखी हुकमाशिवाय बंद करायची नाही, हा बोर्डावरचा पहिला नियम. म्हणून काल त्यांनी ती तशीच चालू ठेवली होती. आता चपलांपाशी जाऊन शोधलं, तर तेच निघालं. घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर वाटायचं काम त्या चार अक्षरांचं. त्यांनी घरात दोन खिडक्या उघडून ठेवल्या होत्या, आणि दुसरीकडे वहीच नव्हती: जुन्या डब्यातून बाहेर जायची वाटच नव्हती.

चूक आपली होती, हे त्यांनी वहीत तारीख घालून लिहिलं. पण चूक सापडायला रात्र पुरली होती. तीन महिने लागले नव्हते.

दुपारी त्यांनी आपल्या खोलीत बसून जुन्या डब्याचं पान उघडलं, नंबर वाटणं बंद केलं, बदल सेव्ह केला. पलंगामागचं टोक डब्यात होतंच. राहिलं होतं पुढच्या खोलीतलं एकच टोक. कुणी नसताना जाऊन गुपचूप खोचता आलं असतं, पण ते त्यांना नको होतं. चोरून करावं असं त्यांनी काही केलं नव्हतं.

पाच वाजता त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या. चिरंजीव मीटिंगमध्ये होते. त्यांनी वळून न पाहता तळहात दाखवला: थांब. ताई थांबल्या. पाच मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या समोरच होतं. पाच सहा. पाच सात. मग त्यांनी टेबलावर वही ठेवली.

"मला ही वायर लावायची आहे," त्या म्हणाल्या.

चिरंजीवांनी घाईने आवाज बंद केला आणि हलक्या आवाजात समजावू लागले. कालचा गोंधळ पुरेसा नाही का झाला, साहेबांपुढे त्यांची किती शोभा झाली, रविवारी माणूस नवे डबे घेऊन येतोच आहे, चार दिवसांत असं काय आभाळ कोसळणार आहे. आणि शेवटी, पुन्हा पडद्याकडे वळता वळता, "तोवर मावशीला साधा फोन कर ना."



"तिला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, मशीन आहे ना तिच्या कानाला."

"ते चार वर्षांपूर्वी काढलं. तिथून डबीत घालून तूच आणलंस. माझ्या कपाटात आहे, बघायचं तर दाखवते."

ताईंचा आवाज अजूनही चढला नव्हता, पण त्या थांबल्याही नाहीत.

"तेहेतीस वर्षं मी परक्या माणसांच्या लायनी जोडल्या. कुणाचं बाळ झालं, कुणाचं माणूस गेलं. एकालाही म्हटलं नाही की रविवारी बघते. आठ मिनिटांनी तिची वेळ आहे. आज चुकली तर ती वेळ दुसऱ्याला जाईल, आणि माझी बहीण माझं तोंड पाहायला वर्षभर थांबेल. तुझा कागद माझ्यासाठी आहे, कारण घरात तो वाचणारी मीच. आता काढ तो."

पडद्यावर चार-पाच चेहरे आपापल्या चौकटीत वाट पाहत होते. चिरंजीवांनी हात लांब करून कागद काढला. नखाने काढला, कोपरा फाटला. ताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, घडी करून वहीत ठेवला, खाली वाकून कपाटामागचं टोक उचललं. चिठ्ठी गेली होती, पण वायर तीच. कट्, असा बारीक आवाज झाला. चिरंजीव पडद्याकडे डोळे लावून बसले, आता जाईल, मग जाईल. काही गेलं नाही. चौकटीतल्या चेहऱ्यांपैकी एकाने विचारलं, सुरू करायचं का. नेट खरोखरच सुरू राहतं की नाही ते पाहायला ताई थांबल्या नाहीत.

मागच्या खोलीत येऊन त्यांनी खिडकीकडे तोंड करून खुर्ची घेतली. टाकीच्या वरून येणारं ऊन बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर पडत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या बसून फोन लावत होत्या. पाच चौदा. पाच पंधरा. लागला.

धाकटी टॅबलेटच्या इतकी जवळ बसली होती की आधी नुसता चष्मा दिसला. मागे सरकली, आणि तिचा चेहरा उजळला. ताईंनी बोट वर केलं, आधी पान. वही उघडली आणि सावकाश, प्रत्येक अक्षराला ओठ देत, दोन दिवसांची राहिलेली दोन पानं आणि आजचं एक, अशी तिन्ही वाचली. धाकटी डोळे न मिटता पाहत होती, आणि मध्येच तिचेही ओठ हलत होते. चित्र एकदाही थिजलं नाही.

वही मिटल्यावर धाकटी म्हणाली, "दोन दिवस कुठे होतीस?" ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. तो प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

ताईंनी थोडक्यात सांगितलं. टाळायचं म्हटलं तरी उजेडात टाळता येत नव्हतं. धाकटी ओठांबरोबर कपाळही वाचायची.

"म्हणजे दोन रात्री जेवली नाहीस तू," धाकटी म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातलं फडकं तसंच. त्यांना आता पोट बरं नसण्याचा अर्थ लागत होता, आणि तो लागताना चेहऱ्यावर दिसत होता.

"बोलाव त्याला," धाकटीने हुकूम केला. "सहा मिनिटं आहेत माझी."

बोलवायची गरज नव्हती. चिरंजीव मीटिंग आटोपून सूनबाईंच्या मागे येऊन उभेच होते. ताईंनी खुर्ची सोडली आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते काहीतरी बोलले.

"तोंड उजेडाकडे कर," मावशीचा आवाज खोलीभर झाला. "काही दिसत नाही."

ते खिडकीकडे वळले. पुन्हा बोलले, मान खाली.

"पुटपुटू नकोस. ओठ उघड. आई बोर्डावर मुलींना हेच शिकवायची, तुला कधी शिकवलं नाही का?"

चिरंजीवांनी मान वर केली. ऊन डोळ्यांत गेलं तरी हटता येईना. एकेक शब्द सुटा करून, शाळेतल्या मुलासारखं तोंड उघडून ते म्हणाले, "माझं. चुकलं. मावशी."

"दिसलं. पण मला कशाला म्हणतोस, मी रोज जेवते. तिला म्हण." पलीकडून कुणीतरी वेळ संपत आल्याची खूण केली असावी, धाकटीने त्या दिशेला हात झटकला. "आणि तिला हळू म्हटलंस तरी चालेल. तिला ऐकू येतं."

चिरंजीव आईकडे वळले आणि हळूच म्हणाले.

ताईंना स्पष्ट ऐकू आलं होतं. त्यांचे कान बोर्डावर तयार झालेले, दोन शहरांच्या पलीकडची कुजबुज पकडणारे. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, मांडीवरची वही नीट केली, आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "पुन्हा म्हण. मला ऐकू आलं नाही."